पेशी मेली, पण कोणती?

मीरा-भाईंदर रस्त्यावरील सिल्व्हर पार्क भागात आम्ही राहतो. आमच्याच इमारतीत, जवळच्या एका शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई राहतात. विज्ञान दिनानिमित्त त्यांच्या विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रके तयार केली होती, ती पाहायला त्यांनी आम्हांला बोलावले. एका तक्त्यावर ठळक मथळा होता : 'सरकीतील द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारते'. खाली वर्तमानपत्राचे कात्रण, कपाशीच्या बोंडाचे सुबक चित्र आणि नांग्या मोडलेला एक खेकडा. तक्ता करणारी मुलगी अकरावीतली. तिने विचारले, "सर, मग सरकीचे तेल रोज घेतले तर चालेल?"

आम्ही "नाही" एवढेच म्हणालो आणि पुढच्या तक्त्याकडे वळलो. परतताना जिन्यात बाईंनी सांगितले, की त्या मुलीच्या आईवर परळला उपचार चालू आहेत. मग आमचे एका शब्दाचे उत्तर आम्हांलाच पुरेना. 'नाही' म्हणणे सोपे असते. ते का, हे सांगायला मात्र त्या कात्रणामागचे संशोधन उलगडून पाहावे लागते. हा लेख म्हणजे तो प्रयत्न आहे.

प्रथमच सांगून टाकतो : त्या कात्रणात खोटे काही नव्हते. सरकीतील त्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशी खरोखरच मरतात. अडचण आहे ती त्या वाक्यात जे लिहिलेले नाही त्याची.

कपाशीचा पिवळा पहारेकरी

कपाशीच्या पानांवर, बोंडांवर आणि सरकीच्या गरात बारीक काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथी होत. त्यांत 'गॉसिपॉल' नावाचे पिवळे द्रव्य साठवलेले असते. कपाशीच्या 'गॉसिपियम' या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव पडले. किडींपासून झाडाचे रक्षण करणे हे त्याचे काम. म्हणजे मुळातच ते एक विष आहे.

विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात सरकीची ढेप गुरांना घालतात आणि गुरे ती आनंदाने खातात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या कप्प्यात गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून बरेचसे निष्प्रभ होते, म्हणून हे चालते. ज्या वासराचे रवंथ अजून सुरू झालेले नाही, त्याला ती सोय नसते. कोंबड्यांना ही ढेप जास्त घातली तर अंड्यातील बलक साठवणीत हिरवट पडतो. फार सरकी खाणाऱ्या वळूंच्या शुक्राणूंत दोष आढळले आहेत. सरकीचे तेल बाजारात येण्यापूर्वी अल्कलीची प्रक्रिया करून शुद्ध करतात. त्यात गॉसिपॉल जवळजवळ उरत नाही. तेव्हा दुकानातील शुद्ध तेलाने अपायही होणार नाही आणि कर्करोगही बरा होणार नाही. मुलीच्या प्रश्नाचे पहिले, सरळ उत्तर हे. पण तिने कच्च्या घाणीचे तेल शोधले असते तर? तेथे आपल्याला या द्रव्याच्या आधीच्या आयुष्यात डोकावावे लागते.

आधीचे आयुष्य : पुरुषांसाठी गोळी

१९५० च्या दशकात चीनमधील कापूस पिकवणाऱ्या काही गावांत एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. तेथे मुले जन्मेनाशी झाली होती. या गावांनी स्वयंपाकासाठी कच्चे, शुद्ध न केलेले सरकीचे तेल वापरायला सुरुवात केलेली होती. धागा पकडत संशोधक गॉसिपॉलपर्यंत पोहोचले आणि १९७० च्या दशकात चीनने त्याची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून चाचणी घेतली. रोज २० मिलिग्रॅम, दोन-तीन महिने, आणि नंतर टिकवण्यापुरती कमी मात्रा. ८ हजारांहून अधिक पुरुषांनी ती घेतली. शुक्राणूंची संख्या घटवण्यात गोळीचे यश ९९ टक्क्यांच्या घरात गेले.

या कामाचे मोल आम्हांला मोठे वाटते. गावकऱ्यांच्या स्वयंपाकघरातील निरीक्षणापासून एका रेणूपर्यंत जाणे ही उत्तम विज्ञानाची खूण आहे. गर्भनिरोधनाचा भार केवळ स्त्रियांवर टाकला जात असता पुरुषांसाठी उपाय शोधणे हेही धाडसाचे होते. पण या कामातील उणीवही तेवढीच मोठी आहे. 'यश' मोजले गेले ते शुक्राणूंच्या संख्येवर. गोळी बंद केल्यावर ही संख्या परत येते का, हा प्रश्न गर्भनिरोधकाच्या बाबतीत पहिला असायला हवा. त्याचे उत्तर हजारो माणसांनी गोळी घेतल्यानंतर हाती आले : दर दहांमागे एक किंवा त्याहून अधिक पुरुषांत ती परत आली नाही. शिवाय सुमारे १ टक्का लोकांत रक्तातील पोटॅशियम इतके घटले की स्नायूंची शक्ती गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर हा प्रयत्न गुंडाळला गेला.

आणखी एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. उंदीरवर्गातील घुशीएवढ्या प्रयोगशाळेतील 'रॅट'मध्ये, हॅमस्टरमध्ये आणि माकडात गॉसिपॉल नरांना वंध्य करते. सशावर मात्र त्याचा असा परिणाम होत नाही. समजा, चाचणीसाठी कोणी फक्त ससाच निवडला असता, तर 'प्रजननास निर्धोक' असा शिक्का घेऊन हे द्रव्य बाहेर पडले असते. विष 'आहे' की 'नाही' हा प्रश्न अपुरा असतो. कोणाला, किती मात्रेत, किती दिवस आणि कोणत्या पेशीला, हे विचारल्याखेरीज उत्तराला अर्थ येत नाही.

मरण हे पेशीचे कामच

आता कर्करोगाकडे वळू. शाळेत आपण शिकवतो की कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ. हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे असे, की कर्करोगाच्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी पेशीच्या मरणाचा एक वेगळा प्रकार वर्णन करून त्याला 'अॅपॉप्टोसिस' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने-पाकळ्या गळणे. जखमेतील पेशी फुगून फुटते आणि भोवती दाह होतो. येथे मात्र पेशी आक्रसते, आतली आवराआवर करते, स्वतःचे छोटे पुडके बांधते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. पानगळीसारखेच हे मरण शिस्तीचे असते. एका मिलिमीटरएवढ्या लांबीच्या सूत्रकृमीत वाढीच्या काळात १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात. हे मरण ठरवणारी जनुके त्यातून सापडली. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी.

हेच मरण आपल्या प्रजननसंस्थेत सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालते, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. मुलीच्या गर्भात पाचव्या महिन्याच्या सुमारास तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात त्या सुमारे ४००. बाकीच्या साऱ्या मुकाट मरतात. वृषणातही शुक्रपेशी बनता बनता मोठ्या संख्येने मरतात. हे मरण थांबवले तर? बॅक्स नावाच्या मरणसाधक प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले नर उंदीर १९९५ मध्ये तयार झाले. ते वंध्य निघाले. जास्त पेशी मेल्या तरी वंध्यत्व, मरायच्या त्या मेल्या नाहीत तरी वंध्यत्व. शरीराला हवे असते ते मरणाचे योग्य माप.

गॉसिपॉलचे पुनरागमन

लसिकापेशींच्या एका कर्करोगात १४ व १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या सांध्यापाशी १९८० च्या दशकात बीसीएल-२ हे जनुक सापडले. १९८८ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले, की हे जनुक पेशीला भराभर विभागायला लावत नाही, तर मरू देत नाही. बीसीएल-२ आणि त्याचे भाऊबंद ही पेशीच्या मरणाच्या दारावरील कुलपे आहेत, असे समजू. अनेक कर्करोगपेशींनी अशी जादा कुलपे लावून घेतलेली असतात.

या कुलपांत बसणारी किल्ली शोधताना २००३ च्या सुमारास एक जुना ओळखीचा सापडला : गॉसिपॉल. ते बीसीएल-२ कुटुंबातील प्रथिनांच्या खाचेत जाऊन बसते, मग कुलूप निघते आणि कर्करोगाची पेशी मरते. गर्भनिरोधक म्हणून टाकून दिलेले द्रव्य कर्करोगाचे औषध म्हणून परत उभे राहिले. आमच्या भित्तिपत्रकावरील मथळ्याचे कूळ ते हेच.

प्रत्यक्ष रुग्णांत काय झाले? खरे तर त्याही आधी, १९९३ मध्ये, अमेरिकेत अधिवृक्क ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगाच्या २१ रुग्णांना गॉसिपॉल दिल्याचा अहवाल आला. ज्या १८ जणांनी किमान सहा आठवडे औषध घेतले, त्यांपैकी तिघांत गाठी अंशतः लहान झाल्या. आशा बाळगावी एवढे हे होते. स्तनाच्या कर्करोगात मात्र असा परिणाम दिसला नाही. पुढे गॉसिपॉलच्या निवडक रूपाची पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात सुमारे २२० पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर हे द्रव्य दिले, निम्म्यांना नाही. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : मध्यम आयुर्मान एका गटात १८.१ महिने, दुसऱ्यात १७.८ महिने. फरक नाही म्हटले तरी चालेल.

हा निकाल वाईट बातमी असला तरी वाईट विज्ञान नाही. उलट, तुलनेचा गट ठेवून, आकडा लपवून न ठेवता 'उपयोग झाला नाही' असे छापणे हे या कामातील आम्हांला सर्वांत आदरणीय वाटणारे पान आहे. दुर्दैव एवढेच, की 'पेशी मारते' ही बातमी शाळेच्या भिंतीवर पोहोचली. '१८.१ आणि १७.८' हे आकडे पोहोचले नाहीत.

बशीतले मरण

मग बशीत यश आणि रुग्णात अपयश, असे का व्हावे?

शरीराबाहेर पेशी वाढवण्याची विद्या मुंबईत नवी नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या आणि परतून परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आपल्या देशातील सुरुवातीच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांपैकी एक त्यांनी उभी केली. १९५१ मध्ये 'हेला' पेशी वाढवणारे ते हेच जॉर्ज गे. आम्हांला येथे आवर्जून सांगावेसे वाटते, की रणदिवे केवळ बशीवर थांबल्या नाहीत. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरके, विषाणू आणि आनुवंशिक कल यांचा संबंध शोधताना त्यांनी उंदरांच्या खास जाती वापरल्या, म्हणजे पेशीबरोबर आख्खा प्राणी पाहिला. तो शिरस्ता नंतरच्या अनेक कामांत पाळला गेलेला दिसत नाही.

आज महाविद्यालयांतूनही सोपी चाचणी करता येते. वाढवलेल्या पेशींवर द्रव्य टाकायचे आणि मग एक पिवळे रंगद्रव्य घालायचे. १९८३ मध्ये पुढे आलेल्या या पद्धतीत जिवंत पेशी त्या रंगद्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. जांभळा रंग कमी, म्हणजे जिवंत पेशी कमी. कोणत्याही पाल्याचा, सालीचा, मुळाचा अर्क घेऊन असा निबंध लिहिता येतो आणि तसे निबंध मोठ्या संख्येने लिहिले जातात. त्यांवर आमचे चार आक्षेप आहेत.

पहिला : ही चाचणी मरण मोजत नाही, पेशीतील रासायनिक लगबग मोजते. सुस्तावलेली पेशी आणि मेलेली पेशी तिला सारख्याच दिसू शकतात.

दुसरा : वनस्पतींतील अनेक द्रव्ये स्वतः रंगीत असतात आणि काही तर पेशी नसतानाही त्या रंगद्रव्याशी अभिक्रिया करतात. हळदीतील कुर्क्युमिन हे असे चाचण्यांना चकवणारे द्रव्य म्हणून आता ओळखले जाते. पेशींविना केलेली तुलना निबंधात नसेल, तर आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

तिसरा : मात्रा. बशीत मीठही पेशी मारते, फिनेलही मारते. बशीत वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात, गाठीपर्यंत, सुरक्षितपणे पोहोचेल का? हा प्रश्न सोडून दिला, तर 'मारते' या क्रियापदाला काहीच किंमत राहत नाही.

चौथा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : शेजारच्या बशीत कोण होते? त्याच मात्रेत निरोगी पेशींचे काय झाले, हे न सांगणारा निबंध औषधाचा निबंध नसतो. तो विषाचा निबंध असतो.

भिंतीपलीकडचे शेजारी

मीरा रोडहून परळला जाणारा रुग्ण पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरतो आणि पूल ओलांडतो. त्या परिसरात १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि परळमध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजननविषयक संशोधन करणारी संस्थाही आहे. एकीकडे पेशी कशा मराव्यात याचा विचार, दुसरीकडे कोणत्या पेशी मरू नयेत याचा. जगभर या दोन शाखांची नियतकालिके वेगळी, परिषदा वेगळ्या, परीक्षक वेगळे. गॉसिपॉलविषयीचे कर्करोगाचे जे निबंध आमच्या वाचनात आले, त्यांत वृषणावरील परिणाम बहुधा प्रस्तावनेतील एका वाक्यापुरता येतो. ८ हजार माणसांनी मोजलेली किंमत एका वाक्यात!

आणि येथे तर दोन्ही गुण वेगळे करणेही अवघड आहे. गॉसिपॉलचे रेणू उजव्या-डाव्या हातासारख्या दोन रूपांत असतात. शुक्राणूंची निर्मिती रोखते ते मुख्यतः 'ऋण' रूप, आणि कर्करोगाच्या पेशींवर अधिक प्रभावी ठरते तेही हेच. चाचणीसाठी निवडले गेले तेही अर्थात हेच. दोन्हीकडची यंत्रणा एकच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. वृषणात तंतुकणिकांवर आणि शुक्राणूंच्या खास विकरावर होणारा आघात बराच अभ्यासला गेला आहे. पण रेणू एक आहे, आणि तो पत्ता विचारून जात नाही.

दोन शाखांनी एकमेकांचे न वाचण्याची किंमत कर्करोगाबाहेरही मोजली गेली आहे. डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक वृषणाला अपाय करते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील कारखान्यातील कामगारांनी, आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत, हे आपसांत बोलता बोलता ओळखले, तेव्हा कोठे तपासणी झाली. माहिती सोळा वर्षे छापलेली होती, पण ज्यांच्यासाठी ती महत्त्वाची त्यांच्यापर्यंत गेलेली नव्हती.

बीसीएल-२ ची कल्पना मात्र वाया गेली नाही. नंतरच्या संशोधकांनी कुलपे एकेक करून तपासली. नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ बरोबर त्याचा भाऊ बीसीएल-एक्सएल हेही कुलूप काढत असे. रक्तातील बिंबिका त्याच कुलपावर जगतात, त्यामुळे त्या मरू लागल्या. मग फक्त बीसीएल-२ ओळखणारे व्हेनेटोक्लॅक्स तयार झाले आणि २०१६ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. बशीतील मरणापासून निवडक मरणापर्यंतचा हा प्रवास. पण त्याही औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे, की कुत्र्यांवरील प्रयोगांत वृषणातील बीजपेशी घटल्या, तेव्हा पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. इतके निवडक औषध, तरी ती ओळ आहेच. ती लिहिली आहे, याचे आम्हांला समाधान वाटते. उत्तम संशोधनाला आपली किंमत ठाऊक असते आणि ते ती सांगते.

या ओळीचा अर्थ ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण तो उद्या त्यांच्याही उपयोगाचा आहे. किमोथेरपीची अनेक औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. वृषणातील पेशीही भराभर विभागतात आणि सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे अंडाशयातील साठाही घटवतात. याचा अर्थ उपचार टाळावेत असा मुळीच नाही. या उपचारांनी आज असंख्य तरुण बरे होतात आणि पुढे अनेक वर्षे जगतात, म्हणून तर हा प्रश्न उभा राहतो. शुक्राणू गोठवून ठेवता येतात. गोठवलेल्या शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचे १९५३ मध्येच सिद्ध झाले. मुलींसाठीही अंडपेशी किंवा अंडाशयाची ऊती जतन करण्याचे मार्ग आहेत. मात्र हे सारे उपचार सुरू होण्यापूर्वी करावे लागते. २००६ पासून अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की डॉक्टरांनी हा विषय रुग्णाशी लवकरात लवकर बोलावा. आपल्याकडे संकोचामुळे डॉक्टर विचारत नाहीत आणि आईवडीलही विचारत नाहीत. आमच्या ओळखीतील एका तरुणाला बारावीत असताना लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. तो पूर्ण बरा झाला. दहा वर्षांनी लग्नाच्या वेळी त्याने आम्हांला विचारले, "काका, हे मला तेव्हा कोणीच कसे सांगितले नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ते सांगायला अर्धा तास पुरला असता.

वर्गात काय करता येईल?

कर्करोगाच्या पेशी शाळेत आणता येत नाहीत, पण 'शेजारच्या बशीत कोण?' हा प्रश्न आणता येतो. किराणा दुकानातील कोरडे यीस्ट कोमट साखरपाण्यात भिजवावे. त्यातील थोडे पाच मिनिटे उकळून वेगळे ठेवावे. दोन्हींच्या एकेका थेंबात मिथिलीन ब्ल्यूचे विरळ द्रावण मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. जिवंत पेशी रंगहीन राहतात, मेलेल्या निळ्या दिसतात. मोजण्याची रीत अशी पक्की झाली, की व्हिनेगरची चार-पाच वेगवेगळी विरळ द्रावणे करावीत आणि प्रत्येकात यीस्ट अर्धा तास ठेवून शंभरांपैकी किती निळ्या झाल्या ते मोजावे. त्याच द्रावणांत दुसरीकडे मोड येऊ घातलेले मूग ठेवून दोन दिवसांनी मोडांची लांबी मोजावी. साध्या पाण्यातील यीस्ट आणि मूग दोन्हीकडे हवेतच.

आता विद्यार्थ्यांना विचारावे : यीस्ट मारणारी, पण मुगाला धक्का न लावणारी एखादी मात्रा सापडली का? सापडली तर दोन मात्रांमधील अंतर किती? हे अंतर म्हणजेच औषध. अंतर नसेल तर ते नुसते विष. शेवटी एका नळीत हळदीचे पाणी घालून पाहावे. पिवळ्या रंगात निळ्या पेशी मोजताना होणारी पंचाईत विद्यार्थ्यांनी स्वतः अनुभवली, की निबंधातील आकडे ते वेगळ्या नजरेने वाचू लागतील.

तक्त्यावरील नवी ओळ

गॉसिपॉलच्या कहाणीला आणखी एक फाटा आहे. एक किलो रुईमागे सुमारे दीड किलोहून अधिक सरकी निघते आणि तिच्यात भरपूर प्रथिने असतात. गॉसिपॉलमुळे ती माणसाला खाता येत नाही. टेक्सासमधील कीर्ती राठोर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशी कपाशी जाहीर केली, जिच्या सरकीत गॉसिपॉल अगदी अल्प असते, पण पानांत मात्र किडींच्या बंदोबस्तासाठी ते कायम राहते. २०१८ व २०१९ मध्ये अमेरिकेने तिला लागवडीसाठी व आहारासाठी परवानगी दिली. हेही निवडीचेच शास्त्र : विष हवे तेथे राहू द्यायचे, नको तेथून काढायचे.

गेल्या महिन्यात बाईंच्या शाळेत पुन्हा जाणे झाले. आम्ही त्या मुलीशी वर लिहिलेले सारे बोललो. तेलाचे, गोळीचे, १८.१ आणि १७.८ चेही. तिने मधे मधे प्रश्न विचारले. सगळ्यांत जास्त वेळ ती त्या दोन आकड्यांवर थांबली. "म्हणजे ज्यांना दिले नाही, त्यांचेही तेवढेच?" आम्ही म्हणालो, "हो, म्हणून तर त्यांना मोजायचे." आईच्या औषधांविषयी तिने काही विचारले नाही, आम्हीही विषय काढला नाही. एवढेच सांगितले, की घरी काही नवे द्यायचे मनात आले तर आधी डॉक्टरांना दाखवावे, न लाजता.

तक्ता अजून भिंतीवर आहे. खेकडा आहे, बोंड आहे. मथळ्याखाली तिने वेगळ्या शाईने एक ओळ लिहिली आहे : 'आणि दुसऱ्या कोणत्या पेशी?' एवढा प्रश्न प्रत्येक वर्गातून निघाला, तर अशा बातम्यांची भीती उरणार नाही आणि खऱ्या संशोधनाची कदरही वाढेल.